आधी खर्ज, मग मसाला

"मामा, बेससाठी मल्टी-इफेक्ट्स पेडल घ्यायचंय. कुठलं घेऊ?"

दिवाळीच्या सुट्टीत भाचा घरी आला आणि फराळाची ताटली हातात घ्यायच्या आधीच त्यानं हा प्रश्न टाकला. तो इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि कॉलेजच्या बँडमध्ये बेस गिटार वाजवतो. आठ महिने संध्याकाळी शाळकरी मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेऊन त्यानं अठरा हजार रुपये साठवले होते. वहीत एक मोठा तक्ता करून आणला होता. कुठल्या पेडलमध्ये किती इफेक्ट्स, कुठल्यात किती अ‍ॅम्प्लिफायरचे आवाज, याची आकडेवारी त्यात होती. "यात शंभरावर इफेक्ट्स आहेत, त्यात सत्तरच," असं त्याचं चाललं होतं. मी विचारलं, "तुला त्यातले लागतात किती?" तो गप्प झाला.

हा प्रश्न मला १९९९ साली कुणी विचारला असता, तर माझं बरंच नुकसान टळलं असतं. ती हकीकत पुढे सांगतो. पण आधी, ज्यांचा या वाद्याशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द.

बेस गिटार दिसते साध्या इलेक्ट्रिक गिटारसारखीच, फक्त लांब दांड्याची आणि बहुधा चार जाड तारांची. अमेरिकेत लिओ फेंडर यांच्या कंपनीनं १९५१ साली 'प्रिसिजन बेस' बाजारात आणला आणि हे वाद्य जगभर पसरलं. तोवर वादक पुरुषभर उंचीचा डबल बेस पाठीवर वाहून नेत असत. साध्या गिटारची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंप पावते, बेसची सुमारे ४१ वेळा. म्हणजे बरोबर एक सप्तक खाली.

आपल्या संगीतातलं उदाहरण द्यायचं, तर तबल्यात जे काम डग्गा करतो आणि तानपुऱ्यात खर्जाची तार करते, ती दोन्ही कामं बँडमध्ये बेस गिटार करते. ताल आणि सूर यांना ती एकत्र बांधते. राहुलदेव बर्मन यांच्या ताफ्यात टोनी वाझ बेस वाजवत. त्या काळातली गाणी ऐकताना आपले पाय नकळत ठेका धरतात, त्यात बेसचा वाटा मोठा असतो. पण ऐकणाऱ्याला विचारलं तर तो गायकाचं नाव सांगेल, फार तर सतारीचं किंवा सॅक्सोफोनचं सांगेल. बेसचं नशीब घराच्या पायासारखं आहे. तो असतो तेव्हा कुणी पाहत नाही, खचला की सगळ्यांना कळतं.

आता पेडल म्हणजे काय ते पाहू. गिटारमधून निघालेला विद्युत संदेश अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत जाण्याआधी एका छोट्या डबीतून जातो. ही डबी पायाशी जमिनीवर असते आणि तिचं बटण पायानं दाबतात, कारण हात वाजवण्यात गुंतलेले असतात. एक डबी आवाज खरखरीत करते, दुसरी त्याचा प्रतिध्वनी काढते, तिसरी एकाच्या जागी दोन-तीन वादक वाजवत असल्याचा भास निर्माण करते. अशा पाच-सहा डब्या घ्यायच्या, तर प्रत्येकीची किंमत वेगळी, तारा वेगळ्या, वीज वेगळी. मल्टी-इफेक्ट्स म्हणजे हे सगळं एकाच यंत्रात. स्वयंपाकघरात आपण हळद, तिखट, मोहरी, जिरं यांच्या वेगवेगळ्या बरण्या शोधत बसत नाही, मिसळणाचा डबा पुढे ओढतो, तसंच हे.

आणि मिसळणाच्या डब्याचा जो धोका, तोच याचाही. सगळं हाताशी आहे म्हणून सगळं घालावंसं वाटतं.

माझंही तेच झालं. १९९९ च्या गणेशोत्सवात आमच्या वाद्यवृंदाला दहा दिवसांत सात कार्यक्रम होते. आमचे संयोजक वयानं आणि अधिकारानं मोठे. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणायचो. मी तेव्हा पंचविशीत होतो आणि नुसतं 'ढुम ढुम' वाजवून कंटाळलो होतो. ओळखीच्या एका गिटारवादकाकडून त्याचं मल्टी-इफेक्ट्स दहा दिवसांसाठी मागून आणलं. तीन रात्री जागून, कानाला हेडफोन लावून, एकेका गाण्यासाठी वेगळा आवाज तयार केला. घरी ते इतकं भारी वाटत होतं की कार्यक्रम कधी येतो असं झालं होतं.

पहिल्याच कार्यक्रमाला, चौथ्या गाण्यात, मी मोठ्या ऐटीत बटण दाबलं. माझ्या कानाला आवाज छान खणखणीत लागत होता. पण ढोलकीवाले काका माझ्याकडे वळून बघायला लागले. मग ऑक्टोपॅडवाल्यानं बघितलं. गायिकेनं हातानं खूण केली, 'काय झालं?' मला काहीच कळेना, मी तर वाजवत होतो. मी आवाज वाढवला, तर आणखी कर्कश झालं. पुढच्या गाण्याला दुसरं बटण दाबलं, तर आवाज एकदम दुप्पट मोठा. साउंडवाल्यानं घाबरून माझी पट्टी खाली ओढली आणि मग शेवटपर्यंत ती खालीच राहिली.

कार्यक्रम संपल्यावर दादा एवढंच म्हणाले, "आज घराला पाया नव्हता." ते चिडले असते तर बरं वाटलं असतं. उरलेल्या सहा तारखांना त्यांनी दुसरा बेसवादक बोलावला. त्या सहा तारखांच्या बिदागीवर माझं पुढच्या तीन महिन्यांचं भाडं अवलंबून होतं.

काय चुकलं, ते समजायला मला पुढची दोन वर्षं लागली. यंत्र वाईट नव्हतं. ते साध्या गिटारसाठी बनवलेलं होतं, एवढंच. गिटारच्या सर्वांत खालच्या सुराची कंपनसंख्या ८२. त्याखालचं काही जपायची त्या यंत्राला गरजच नव्हती. उलट, आवाज खरखरीत करणाऱ्या बहुतेक गिटार पेडल्समध्ये खालचा भाग मुद्दाम कापतात, कारण तो ठेवला तर खरखर चिखलासारखी गिजबिज होते. गिटारच्या स्पीकरची नक्कल करणारा भागही खालचे सूर गाळून टाकतो. गिटारसाठी हे अगदी योग्य आहे. पण माझा तर सगळा संसारच त्या गाळलेल्या भागात होता! मी वाजवत होतो, वरचा खणखणाट लोकांपर्यंत पोचत होता, आणि खर्ज मात्र डबीतच राहत होता.

दुसरी चूक हेडफोनची. कानाला चिकटलेल्या हेडफोनवर, शेजारी ढोलकी नसताना, सगळंच भरघोस लागतं. मांडवात ढोलकी, की-बोर्ड, दोन गायक यांच्या गर्दीत तो आवाज कुठल्या कुठे जातो.

म्हणून भाच्याला मी पहिली कसोटी सांगितली. पेडल बेससाठी बनवलेलं आहे का, आणि त्यात मूळ आवाज मिसळायची सोय आहे का? बॉस, झूम यांसारख्या जपानी कंपन्या आपल्या मल्टी-इफेक्ट्सची गिटारसाठी एक आणि बेससाठी एक अशी वेगळी आवृत्ती काढत आल्या आहेत. बेसच्या आवृत्तीच्या नावात बहुधा 'बी' हे अक्षर असतं. काही यंत्रं, उदाहरणार्थ लाइन सिक्स कंपनीचं २०१८ मध्ये आलेलं 'एचएक्स स्टॉम्प', दोन्हींसाठी चालतात. ठरावीक मॉडेलचं नाव मी सुचवत नाही, कारण मॉडेलं दोन-चार वर्षांत बदलतात. पण कुठलंही घ्या, त्यात 'मिक्स', 'ब्लेंड', 'बॅलन्स' किंवा 'ड्राय' अशा नावाचं काहीतरी शोधा. याचा अर्थ असा की बेसचा मूळ आवाज एका वाटेनं जसाच्या तसा पुढे जातो, दुसऱ्या वाटेनं त्यावर प्रक्रिया होते आणि शेवटी दोन्ही हव्या त्या प्रमाणात एकत्र येतात. वरणात फोडणी घालावी तसं. फोडणी जळजळीत असली तरी खाली वरण असावं लागतं.

ही युक्ती काही आजची नाही. बीटल्सच्या 'रबर सोल' या १९६५ च्या ध्वनिमुद्रिकेत 'थिंक फॉर युवरसेल्फ' नावाचं गाणं आहे. त्यात पॉल मॅकार्टनी यांनी बेसचा आवाज 'फझ' लावून भरपूर फाडला आहे. पण त्याच गाण्यात त्यांनी साधा बेसही वेगळा वाजवून ठेवला आहे. मुळाला हात न लावता त्यावर नवा रंग चढवला. आज जे काम एक खुंटी फिरवून होतं, ते तेव्हा दोनदा वाजवून करावं लागलं.

आता कुणी म्हणेल, मग बेसला हे नखरे हवेतच कशाला? प्रश्न रास्त आहे. अमेरिकेत डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीत जेम्स जेमर्सन यांनी साठच्या दशकात जे बेसवादन केलं, ते आजही जगभरचे वादक गिरवतात. त्यांचा बेस थेट ध्वनिमुद्रणाच्या यंत्रात जात असे, मध्ये एकही इफेक्ट नाही. पण दुसऱ्या बाजूला पिंक फ्लॉइडचं १९७१ चं 'वन ऑफ दीज डेज' प्रतिध्वनीत घोळलेल्या बेसनंच सुरू होतं, आणि मेटॅलिकाच्या १९८३ च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत क्लिफ बर्टन यांनी फाटलेल्या आवाजात पूर्ण एकल बेसवादन केलं आहे. दोन्ही बरोबरच आहेत. तुम्हाला यातलं काय वाजवायचंय, हे आधी ठरलं पाहिजे.

शिवाय थोड्या खरखरीचा एक उपयोग आहे, तो तुम्ही आत्ता स्वतःच अनुभवू शकता. माझं हे भाषण तुम्ही ज्या छोट्या रेडिओवर ऐकताय, त्याचा स्पीकर दोन-तीन इंचांचा असेल. सेकंदाला ४१ कंपनं त्यातून धड निघूच शकत नाहीत. तरी गाणं लागलं की तुम्हाला बेसचा सूर समजतो. का? कारण कुठल्याही सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे स्वयंभू स्वरही असतात, म्हणजे ८२, १२३, १६४ असे. हे वरचे स्वर ऐकून आपला मेंदू खालचा हरवलेला सूर स्वतःच भरून काढतो. आवाजाला किंचित खरखर दिली की हे वरचे स्वर वाढतात आणि छोट्या स्पीकरवरही बेस स्पष्ट होतो. म्हणून अनेक बेसवादक कळेल न कळेल इतकी खरखर कायम ठेवतात. मीही ठेवतो. आमटीतल्या गुळासारखी ती असावी. चव कळावी, पण गूळ घातलाय असं कुणी म्हणू नये.

भाच्याला मी म्हटलं, "तुझा तक्ता बाजूला ठेव. बँडची गाणी लिही आणि प्रत्येकापुढे लिही, साधा आवाज चालेल की नाही." चौदा गाणी निघाली. अकरा साध्या आवाजाची. दोन गाण्यांत खरखर हवी, एकात 'वाँव वाँव' असा फंकचा आवाज. तो स्वतःच हसायला लागला. शंभरातले दोन!

मग एकेका इफेक्टची ओळख करून दिली. बेसला सर्वांत उपयोगी पडतो तो कॉम्प्रेसर. तो जोरात वाजलेला सूर थोडा दाबतो आणि हळू वाजलेला वर आणतो, म्हणजे सगळे आघात एका पातळीवर येतात. मात्र तो फार घाईनं दाबायला लावला तर बोटाचा ठोकाच मारला जातो आणि बेस झोपाळू वाटतो. दुसरा इक्वलायझर, आवाजातला जाड-बारीकपणा ठरवणारा. हॉल घुमत असेल तर हाच वाचवतो. तिसरी खरखर, तिच्याबद्दल बोललोच. 'वाँव' आवाजाचा एन्व्हलप फिल्टर तुम्ही किती जोरात छेडता त्यावर उघडतो-मिटतो, त्यामुळे दुकानदाराच्या हातून नाही, स्वतःच्या हातानं वाजवून बघावा. कोरस खालच्या सुरांना डळमळीत करतो, म्हणून तो फक्त वरच्या भागाला लावता येतो का, ते पाहावं. आणि रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, बेसला जवळजवळ लागतच नाही. आपली मंगल कार्यालयं तो फुकट देतात.

ऑक्टेव्हबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगतो, कारण दुकानात यावरच मुलं भाळतात. हा इफेक्ट वाजवलेल्या सुराखाली आणखी एका सप्तकाचा सूर जोडतो. पण बेसच्या सर्वांत खालच्या सुराची कंपनसंख्या ४१, त्याच्या निम्मी साडेवीस. माणसाच्या कानाची खालची मर्यादा साधारण वीस. म्हणजे ऐकूही येत नाही आणि स्पीकरचा मात्र जीव जातो. हा इफेक्ट मधल्या तारांवर, पाचव्या-सातव्या पडद्याच्या वर खुलतो. शिवाय सूर कोणता हे ओळखायला यंत्राला किमान एक पूर्ण कंपन ऐकावं लागतं आणि ४१ च्या सुराचं एक कंपन पुरं व्हायला २४ मिलीसेकंद लागतात. तेवढ्यात यंत्र अडखळतं, सूर हेलकावतो. दुकानात खालच्या तारेपासून सुरुवात करून सावकाश वर जा. यंत्र कुठपासून ठाम बोलतं ते लगेच कळतं. एरवीच्या इफेक्टना जो दोन-तीन मिलीसेकंदांचा उशीर होतो, त्याची काळजी नको. तेवढ्या वेळात आवाज हवेतून मीटरभर जातो, म्हणजे स्पीकरपासून एक पाऊल मागे सरकल्यासारखंच.

आवाजाइतकंच महत्त्वाचं म्हणजे पाय. घरी आपण वाकून, चष्मा लावून पेडलच्या खुंट्या फिरवतो. मंचावर अंधार असतो, नाहीतर तोंडावर झगझगीत दिवा. तेव्हा विचारावं ते असं. पायाची बटणं किती आहेत? एका आवाजावरून दुसऱ्यावर जायला एकदा दाबावं लागतं की चारदा? मधले आवाज ओलांडून जावं लागतं का? बदलताना आवाजात खंड पडतो का? पडदा उन्हात वाचता येतो का? आणि तयार केलेल्या सगळ्या आवाजांची पातळी सारखी करून ठेवता येते का? १९९९ ला माझा जो दुप्पट आवाज झाला, तो केवळ ही एक गोष्ट न केल्यामुळे. सूर मिळवायचं ट्यूनर बहुतेक यंत्रांत असतं. ते चालू केल्यावर बाहेर जाणारा आवाज बंद होतो ना, हे बघा. पाच तारांचा बेस असेल तर सुमारे ३१ कंपनांची ती पाचवी तार ट्यूनरला ओळखता येते का, तेही बघा.

यानंतरचा मुद्दा विजेचा, आणि इथे प्रश्न पैशांपुरता राहत नाही. मंचावरून मिक्सरपर्यंत शंभर फूट वायर जाते. साध्या गिटारच्या वायरनं एवढ्या अंतरात गुणगुण शिरते. त्यासाठी तीन टाचण्यांची, माईकला असते तशी 'एक्सएलआर' जोडणी लागते. ती पेडलवरच असली तर उत्तम, नसली तर 'डीआय बॉक्स' नावाची वेगळी डबी घ्यावी लागते. तिचा खर्च आधीच धरावा. या जोडणीशेजारी 'ग्राउंड लिफ्ट' असं एक बारीक बटण असतं. दोन ठिकाणच्या अर्थिंगमुळे जी घोंघों होते, ती या बटणानं बहुधा थांबते. आपल्याकडे मांडवात ही घोंघों थांबवायला अ‍ॅम्प्लिफायरच्या प्लगची तिसरी, अर्थिंगची पिन काढून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. कृपा करून असं कधीही करू नका आणि करू देऊ नका. एक हात गिटारच्या तारांवर आणि ओठ माईकला, अशा अवस्थेत यंत्रात बिघाड झाला तर वीज माणसातून जाते. घोंघों परवडली.

अ‍ॅडॉप्टरचंही तसंच. बहुतेक पेडल्सना ९ व्होल्ट लागतात आणि टोकाच्या आतला भाग ऋण असतो. की-बोर्डचं अ‍ॅडॉप्टर दिसायला तसंच असतं, पण आतला भाग धन असू शकतो, व्होल्टही जास्त असू शकतात. बसतंय म्हणून लावलं की यंत्र गेलं. पेडलवर लिहिलेले व्होल्ट, आतला-बाहेरचा भाग आणि मिलीअँपिअर हे तिन्ही जुळवून पाहा. पेन्सिल सेलवरही चालणारं यंत्र असेल तर आपल्याकडच्या वीजपुरवठ्यात तो मोठाच दिलासा.

हे सगळं ऐकून भाच्यानं विचारलं, "मग मामा, मल्टी घेऊच नको का? एकेक सुटं पेडल घेऊ?" तसंही नाही. ज्याला एकच आवाज हवा आहे आणि तो कोणता हे पक्कं ठाऊक आहे, त्यानं एक चांगलं सुटं पेडल घ्यावं. त्याच्या खुंट्या डोळ्यांसमोर असतात, ते वर्षानुवर्षं टिकतं, विकतानाही किंमत येते. मल्टी-इफेक्ट्स संगणकाच्या जातीचं यंत्र. नवं मॉडेल आलं की जुन्याचा भाव पडतो. पण शिकणाऱ्याला ते फार उपयोगी आहे. कुठला इफेक्ट काय करतो, हे पाच-सहा डब्या न घेता कळतं. त्यातल्या तालाच्या साथीवर, हेडफोन लावून, रात्री शेजाऱ्यांना न उठवता रियाज होतो. आपण वाजवलेलं तिथल्या तिथे पुन्हा ऐकायची सोय अनेक यंत्रांत असते. स्वतःचा ताल किती हलतो हे त्यावर कळतं, आणि ते कुठल्याही गुरूनं सांगण्यापेक्षा जास्त झोंबतं.

भाऊबीजेनंतर आम्ही दोघं दुकानात गेलो. त्याची स्वतःचीच गिटार नेली, कारण दुकानातल्या महाग बेसवर कुठलंही पेडल छान वाजतं. मालकांना विनंती करून हेडफोनऐवजी बेसचा मोठा अ‍ॅम्प्लिफायर लावून घेतला. भाच्याला म्हटलं, "तू वाजव. मी दुकानाच्या दुसऱ्या टोकाला, तुझ्याकडे पाठ करून उभा राहतो. तीन यंत्रं आहेत, कुठलं लावलंयस ते मला सांगू नकोस." खालची मोकळी तार, मग तिचाच तिसरा पडदा, मग त्यांच्या बँडच्या एका गाण्याची ओळ. आधी साधी, मग इफेक्टसह.

पहिल्या यंत्राची खरखर फार रुबाबदार होती, पण ती लागली की पायाखालची फरशी थरथरायची थांबायची. दुसरं आणि तिसरं दोन्ही ठीक. दुसरं मोठं, रंगीत पडद्याचं, त्याच्या तक्त्यात सर्वांत वर असलेलं. तिसरं लहान, निम्म्या किमतीचं. मी मागे न वळता सांगितलं, "आत्ता वाजलं ते घे." वळून पाहिलं तर ते तिसरं होतं. भाच्याचा चेहरा थोडा उतरला. शेवटी पोराचे आठ महिन्यांचे कष्ट होते, त्याला मोठं खोकं घेऊन घरी जायचं होतं. मी काही बोललो नाही. त्यानं पुन्हा एकदा दोन्ही वाजवून पाहिली, डोळे मिटून. मग म्हणाला, "मामा, खाली हेच जास्त भरतंय."

उरलेल्या पैशांत त्याला तारांचा नवा संच, एक चांगली वायर, डीआय बॉक्स घेता आला, आणि गिटारचा दांडा कारागिराकडून नीट जुळवून घेता आला. तरी तीन हजार शिल्लक राहिले. खरं सांगायचं तर आवाजातला सर्वांत मोठा फरक नव्या तारांनी पडला.

फेब्रुवारीत त्याच्या कॉलेजच्या स्नेहसंमेलनाला मी मुद्दाम गेलो. मागच्या रांगेत, जिथे बेस सर्वांत आधी हरवतो, तिथे बसलो. अकरा गाणी तो साधा वाजला. मधल्या एका गाण्यात त्यानं पायानं बटण दाबलं, आवाजाला काटे फुटले, मुलांनी आरडाओरडा केला. मी मात्र खाली खुर्चीकडे लक्ष ठेवून होतो. खुर्चीचा पत्रा पूर्वीसारखाच थरथरत होता. ड्रम वाजवणारा मुलगा एकदाही मान वळवून बघत नव्हता.

दादा आज हयात नाहीत. असते, तर त्या रात्री त्यांना फोन करून सांगितलं असतं, "दादा, आज घराला पाया होता."